पेपरमिलमध्ये गाडी खाली करायला ड्रायव्हरला बूट-हेल्मेट सक्तीचे, क्लीनर गेटबाहेर. तुमच्याकडे काय पद्धत?

दोनगाड्यावाला
मंडळी नमस्कार. बल्लारशाकडे माझ्या दोन दहाचाकी चालतात. सुबाभूळ आणि निलगिरीचं लाकूड पेपरमिलला टाकतो. माल कधी यवतमाळकडचा, कधी तेलंगणातला. मिलचं नाव घेत नाही, उद्या पुन्हा त्याच गेटवर उभं राहायचं आहे.

या महिन्यापासून गेटवर नवा बोर्ड लागलाय. ड्रायव्हरला हेल्मेट, सेफ्टी बूट, चमकपट्टीचं जॅकेट आणि फुल पॅन्ट. लुंगी-चप्पल दिसली की गाडी लायनीच्या शेपटाला. क्लीनरला आत प्रवेश नाही. यार्डात गाडी लागली की चावी वॉचमनकडे आणि चाकांना लाकडी गुटके. मालावर चढायचं नाही. रिव्हर्सचा हॉर्न वाजलाच पाहिजे. केबिनमध्ये स्टोव्ह किंवा छोटा सिलिंडर सापडला तर गेटवर जमा.

नियम चुकीचे आहेत असं माझं म्हणणं नाही. पण बुटा-हेल्मेटचा खर्च कोणाचा? माझा, ट्रान्सपोर्टवाल्याचा की मिलचा? आणि क्लीनर बाहेर ठेवला तर यार्डात गाडी मागे घेताना बघणार कोण? वर माझा जुना ड्रायव्हर म्हणतो, "शेठ, बूट घातला की क्लचचा अंदाजच येत नाही."

कोकणी_खवट
लुंगीवर बंदी म्हणजे अर्धे ट्रकवाले घरी बसणार. :)

फाळका
दोनगाड्यावाला भाऊ, मी स्वतः स्टेअरिंगवर असतो, लाकडाचाच माल. नियमांमधला "मालावर चढायचं नाही" हा एक नियम बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. बूट-हेल्मेट नंतर.

लाकडाची गाडी दोन वेळा माणूस मारते. एकदा रस्सी-साखळी सोडताना, एकदा फाळका, म्हणजे बॉडीची उघडणारी बाजू, उघडताना. दोनशे-तीनशे किलोमीटर हादरे खाऊन माल आतल्या आत सरकलेला असतो आणि सगळा दाब फाळक्यावर येतो. बाहेरून काही कळत नाही. तुम्ही समोर उभं राहून खिटी (फाळक्याची अडकण) ठोकली की फाळका आणि त्यामागचा माल एकदमच अंगावर. खिटी नेहमी बाजूला उभं राहून ठोकायची, लांब दांड्याच्या हातोडीने. आणि त्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारायची. फाळका फुगलेला दिसला, बाजूची बल्ली वाकलेली दिसली, तर हातच लावायचा नाही. ग्रॅबवाल्याला, म्हणजे लाकूड उचलणाऱ्या पंजाच्या क्रेनवाल्याला, बोलवायचं.

रस्सीचंही तेच. ग्रॅबने वरून भार दाबून धरल्याशिवाय साखळी सोडायची नाही. आमच्याकडे उलटं चालतं. लायनीतला वेळ वाचावा म्हणून पोरं गेटवरच रस्स्या सोडून ठेवतात आणि तशीच सुटी गाडी यार्डापर्यंत नेतात. गेटपासून यार्डापर्यंत दोन वळणं आणि एक रेल्वे क्रॉसिंग.

पावसाळ्यात तर बोलूच नका. साल काढलेली ओली निलगिरी म्हणजे साबणाची वडी. तिच्यावर बूट काय आणि चप्पल काय.

काटापावती
क्लीनर बाहेर ठेवला तर काट्यावर त्याचं ५५ किलो वजन कमी भरणार. शॉर्टेज कोणाच्या नावावर टाकणार? :D

वजनदार
@काटापावती, भरलेली आणि रिकामी, दोन्ही वेळा तो बाहेरच असेल तर निव्वळ वजनात फरक पडत नाही. फरक कधी पडतो, भरलेल्या काट्यावर क्लीनर केबिनमध्ये झोपलेला आणि रिकाम्या काट्यावर चहाच्या टपरीवर. म्हणून तर बऱ्याच मिलमध्ये काट्यावर ड्रायव्हरलाही खाली उतरवतात.

काटापावती
तुम्हाला फारच बारीक माहिती आहे हो.

निवृत्त_सेफ्टीवाला
मी कागद कारखान्याच्या सुरक्षा विभागातून निवृत्त झालो. गेटवरचे बोर्ड लिहिणारा माणूस मीच, म्हणजे तसाच कोणीतरी. तेव्हा शिव्या द्यायच्या तर इकडे द्या.

क्लीनर बाहेर का, ते सांगतो. यार्डात ग्रॅब, लोडर, जेसीबी आणि मागे येणाऱ्या गाड्या एकाच जागेत फिरत असतात. ग्रॅबच्या ऑपरेटरला मागचं आणि डावीकडचं फारसं दिसत नाही. अशा जागेत प्रत्येक जादा माणूस म्हणजे जादा धोका. त्यातून क्लीनर बहुतेक वेळा अठरा-वीस वर्षांचा पोरगा, कधी त्याहून लहान. अनवाणी, दोन रात्री न झोपलेला, गाडीच्या मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडणारा. गाडी त्याच्यावर आली तर ड्रायव्हरला आरशात काही दिसत नाही.

पण दोनगाड्यावाला यांचा दुसरा प्रश्न रास्त आहे. क्लीनर काढला तर त्याच्या जागी मिलने आपला सिग्नलमन द्यायलाच हवा. शिट्टी आणि झेंडी घेतलेला, ड्रायव्हरला आरशात दिसेल अशा जागी उभा राहणारा. तो दिसेनासा झाला की ड्रायव्हरने ब्रेक दाबायचा, हा साधा करार. हे न करता नुसता क्लीनर अडवणं म्हणजे अर्धाच नियम पाळणं. गेटवर लेखी तक्रार द्या. तोंडी देऊ नका.

चावी का घेतात, तेही लोकांना कळत नाही. खाली होत असलेली गाडी ड्रायव्हरने पुढे घेतली आणि वर हमाल होता, असे प्रकार होतात. चावी दुसऱ्याच्या खिशात असली की गाडी हलत नाही.

आणि स्टोव्ह. रद्दीच्या यार्डात मी आग बघितली आहे. वरून विझलेली दिसते आणि गठ्ठ्याच्या पोटात धुमसत राहते. गठ्ठे फोडून पसरल्याशिवाय खरी विझत नाही. त्यामुळे यावर माझ्याकडून सवलत नाही.

वैनगंगेकाठी
काका, स्टोव्ह जमा करा, हरकत नाही. मग जेवायचं काय ते पण बोर्डावर लिहा ना. माझा भाऊ गाडीवर आहे. लायनीत कधी कधी दीड दिवस जातो. गेटसमोर कॅन्टीन फक्त मिलच्या माणसांसाठी, ड्रायव्हरला नाही. संडास नाही, प्यायला टँकरचं पाणी. मग माणूस रात्री दोनला डोळे तारवटलेला आत जातो, आणि तुम्ही बघता कशाकडे? त्याच्या बुटाकडे!

झोपेची तपासणी कायले नाही करत कोणी?

कोकणी_खवट
+१. वैनगंगाताईंनी नेमकं बोट ठेवलं.

शाईचा_डाग
कायदा बघायचा तर मोटर परिवहन कामगार कायदा १९६१ मध्ये ड्रायव्हरला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम अशी मर्यादा होती (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली). त्यामुळे हा प्रश्न मिलचा नसून गाडीमालकाचा आहे.

दोनगाड्यावाला
@शाईचा_डाग, तो कायदा पाच किंवा जास्त परिवहन कामगार असलेल्यांना लागायचा. माझ्याकडे दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर. कायद्याच्या हिशोबात मी मालकच नाही, बँकेच्या हिशोबात मात्र आहे.

आणि मालक म्हणून ड्रायव्हरला झोप द्यायची इच्छा असली तरी लाकडाचा माल आहे. पैसे वजनावर, ओलाव्याची कापणी वेगळी. माल लायनीत उभा राहिला की उन्हात वाळतो, म्हणजे वजन जातं. ट्रान्सपोर्टवाला फोनवर फोन करतो. हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचे पैसे, कागदावर आहे, हातात येत नाही.

लगदा_रसायन
चर्चा लाकडावरच अडकली आहे म्हणून लिहितो. पेपरमिलला जाणाऱ्या सगळ्यात धोकादायक गाड्या लाकडाच्या नसतात. कॉस्टिक लायचे (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचे) टँकर, क्लोरीनचे ९०० किलोचे टोनर (मोठे सिलिंडर), हायड्रोजन पेरॉक्साइड, सल्फ्युरिक ॲसिड, सोडियम क्लोरेट, हे सगळं त्याच गेटमधून आत येतं. लगदा पांढरा करायला लागणारा क्लोरीन डायऑक्साइड वाहून नेता येत नाही, इतका तो अस्थिर. म्हणून तो मिलमध्येच क्लोरेटपासून बनवतात, आणि क्लोरेट ट्रकने येतं.

क्लोरेटचं एक सांगतो, कारण ड्रायव्हरला ते कोणी सांगत नाही. द्रावण कपड्यावर सांडलं तर ओलं असेपर्यंत काही होत नाही. वाळलं की तो कपडा नुसत्या घासण्यानेही पेट घेऊ शकतो. चामड्याच्या बुटाचंही तसंच. म्हणून तिथे रबरी बूट लागतात, आणि सांडलं की कपडे तिथल्या तिथे भरपूर पाण्याने धुवायचे. तसेच अंगावर ठेवून घरी जायचं नाही आणि बिडी तर पेटवायचीच नाही. तेव्हा "सेफ्टी बूट" म्हणजे सगळीकडे एकच बूट नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली आहे, पण वाचा. १६ जानेवारी २००२, अलाबामात पेनिंग्टनजवळची एक कागद गिरणी. तिथे सोडियम हायड्रोसल्फाइडचे टँकर खाली होत होते. थोडं सांडलेलं रसायन एका खड्ड्यात साठलं होतं. तो खड्डा ज्या गटारात रिकामा झाला, त्या गटारात त्या वेळी सल्फ्युरिक ॲसिड सोडलं जात होतं. दोन्ही एकत्र आले आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार झाला. जवळ काम करणारे दोन ठेकेदाराचे कामगार गेले, आठ जखमी. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने त्याचा सविस्तर तपास केला आहे. कोणीही मुद्दाम दोन रसायनं मिसळली नव्हती. टँकर खाली करण्याच्या जागेचं सांडपाणी कुठे जातं, हा विचार झाला नव्हता, एवढंच.

हा वायू कुजक्या अंड्यांसारखा वास मारतो, पण वासावर विसंबू नका. हवेत साधारण १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) आसपास पोचला की नाक बधिर होतं. वास थांबला म्हणून बरं वाटतं, आणि धोका तेव्हाच सर्वात जास्त असतो.

मूकवाचक_नागपूर
मे २०२० मध्ये छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यात पेपरमिलची टाकी साफ करताना कामगार बेशुद्ध पडले होते ना? विशाखापट्टणमच्या वायुगळतीच्या बातमीत ती बातमी दबून गेली.

लगदा_रसायन
हो, तीच. लॉकडाऊनमध्ये बंद राहिलेल्या मिलची टाकी. लगदा साचून राहिला की कुजतो आणि वायू धरतो. ड्रायव्हर लोकांनी एवढंच लक्षात ठेवा, खड्ड्यात किंवा टाकीत कोणी पडलेला दिसला तर मागोमाग उडी घेऊ नका. ओरडा, माणसं बोलवा. वाचवायला गेलेला दुसरा माणूसही तिथेच पडतो.

निवृत्त_सेफ्टीवाला
लगदा_रसायन यांच्या प्रतिसादाला जोडून. रसायनाच्या गाडीचे नियम मिलच्या मर्जीवर नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ९ बघा. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. गाडीत ट्रेम कार्ड, म्हणजे गळती-अपघातात काय करायचं ते सांगणारं कार्ड, लागतं आणि टँकरवर आपत्कालीन माहितीचा फलक. त्यावरचा, रसायन ओळखायचा चार आकडी युएन क्रमांक ड्रायव्हरला पाठ हवा. कॉस्टिक लाय १८२४, क्लोरीन १०१७. फोनवर अग्निशमनवाल्याला "काहीतरी पांढरं पाणी गळतंय" यापेक्षा "१८२४ गळतंय" म्हटलं तर पुढचं काम निम्मं होतं.

ट्रेम कार्ड मराठीत किंवा हिंदीत, ड्रायव्हरला वाचता येईल असं हवं. मी गेटवर इंग्रजी कार्ड दाखवणाऱ्या ड्रायव्हरला विचारायचो, यात काय लिहिलंय? तो म्हणायचा, "साहेब, गाडी पास होते एवढं लिहिलंय."

आत आल्यावर दोन जागा आधी बघून ठेवायच्या. डोळे धुवायचा नळ कुठे आहे, आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी कुठे फडकतेय. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं पाण्याखाली डोळा उघडा धरायचा. दवाखाना त्यानंतर. क्लोरीन गळला तर वाऱ्याच्या आडवं पळायचं आणि खोलगट जागी थांबायचं नाही, तो हवेपेक्षा जड असतो. आणि पाइप जोडायचं काम मिलच्या ऑपरेटरशिवाय कधी करायचं नाही, टाकीवर नाव लिहिलेलं असलं तरीही.

कोकणी_खवट
मला वाटलं होतं धागा लुंगीवर आहे.

रीळगाडी
मी भिगवणच्या बाजूने कागदाची रिळं भरतो, न्हावाशेवा आणि भिवंडी. इथे सगळे माल घेऊन आत जाणाऱ्यांचं बोलतायत, आम्ही माल भरून बाहेर येतो. एकेक रीळ टनाच्या आसपास. आडवं भरलं तर दोन्हीकडून गुटके खिळ्याने ठोकलेले पाहिजेत. नुसते सरकवलेले नाहीत. घाटात ब्रेक मारला की रीळ पुढे येतं, आणि पुढे माझी पाठ असते.

मिलवाले आत हेल्मेट घालायला लावतात, पण बाहेर निघताना बांधणी बघत नाहीत. गेटपास मिळाला की त्यांची जबाबदारी संपली.

फाळका
रीळगाडी दादा, एकदम बरोबर. आणि ओव्हरलोड भरताना पण कोणाला सेफ्टी आठवत नाही.

शाईचा_डाग
ओव्हरलोडचा विषय निघालाच आहे तर, २०१८ मध्ये दहाचाकीची (गाडी धरून एकूण वजनाची) परवानगी २५ वरून २८.५ टन झाली. त्याच्या वर गेलात तर २० हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. लाकूड बॉडीच्या बाहेर फुगलं किंवा उंच गेलं तर त्याचे वेगळे २० हजार.

दोनगाड्यावाला
साडेतीन टन वाढले तेव्हा आम्ही पेढे वाटले. पुढच्याच हंगामात टनामागचं भाडं पडलं. असो, तो वेगळा धागा होईल.

बांबूवाला
थोडं अवांतर. २०१७ मध्ये कायद्याने जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' राहिला नाही, तरी गडचिरोलीकडून बांबू आणताना नाक्यावर पास मागतातच. ड्रायव्हरच्या झोपेची चर्चा करताना हा वेळपण धरा.

व्हँकुव्हरचा_वऱ्हाडी
ब्रिटिश कोलंबियातून रामराम. इथं मी चिपचा ट्रेलर चालवतो, म्हणजे लाकडाचा भुसा नाही, बारीक चकत्या. मिलमध्ये फाळका वगैरे काही नाही. अख्खा ट्रक ट्रेलरसकट एका फळीवर चढवतात आणि ती फळी हायड्रॉलिकने उभी करतात. माल मागून घसरून जातो. आमच्या गावच्या लोकांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "बे, तू आतमध्येच बसते का?" नाही. ड्रायव्हरने उतरून आखलेल्या चौकटीत उभं राहायचं, फळी खाली येऊन लॉक होईपर्यंत गाडीकडे जायचं नाही.

बूट, हेल्मेट, जॅकेट इथं पण सक्तीचं आहे, आणि मिलमध्ये पहिल्यांदा जाताना माहितीचं सत्र करावं लागते. खर्च? बूट बहुतेक जण स्वतःचेच घेतात. तेव्हा परदेशात सगळं फुकट मिळते असं नाही. लायनीत इथंही वैताग असतो, पण ड्रायव्हरसाठी संडास आणि कॉफीची खोली आहे. मला विचाराल तर अपघात कमी व्हायला हेल्मेटपेक्षा ती खोली जास्त कामाची.

गोल ओंडक्यांच्या गाड्यांचं इथलं म्हणणं फाळकाभाऊंच्याच सारखं आहे. भार धरून ठेवल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही.

पॉलिसीवाली
मी विम्याच्या दाव्यांचं काम करते. खर्चाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहून गेलंय, म्हणून.

मिलच्या आवारात ड्रायव्हर किंवा क्लीनर जखमी झाला तर कर्मचारी भरपाईच्या कायद्याप्रमाणे (आधी १९२३ चा, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता) पहिली नोटीस त्याच्या मालकाला, म्हणजे दोनगाड्यावाला, तुम्हाला. मिल म्हणणार हा आमचा माणूस नाही. ट्रान्सपोर्टवाला म्हणणार मी फक्त गाडी लावून दिली. म्हणून बूट कोणी घ्यायचे हा प्रश्न पैशाचा वाटला तरी तुम्हीच घेतलेले बरे, आणि ड्रायव्हरची सही घेऊन ठेवा.

पॉलिसीत क्लीनरसाठी वेगळा हप्ता भरलाय का, तेही आजच बघा. थोडेसे पैसे असतात, पण बरेच जण फक्त ड्रायव्हरचा भरतात. दावा आला की पहिला कागद हाच मागतात.

मिलचीही सुटका नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांची यादी आली, तिच्यात लगदा आणि कागद उद्योग आहे. आवारात काय धोका आहे हे सांगण्याची जबाबदारी त्यांची. बाहेरून येणारा ड्रायव्हर पण माणूसच आहे. म्हणून निवृत्त_सेफ्टीवाला काका म्हणाले तसं सिग्नलमनचं पत्र द्याच, पोच घ्या.

काटापावती
ड्रायव्हर दुचाकीचं हेल्मेट घालून गेला तर चालेल का? घरात पडूनच आहे.

निवृत्त_सेफ्टीवाला
नाही. तसा एक जण आला होता, काच खाली पाडून. दुचाकीचं हेल्मेट आयएस (भारतीय मानक) ४१५१ चं, कारखान्याचं आयएस २९२५ चं. बंद हेल्मेटमध्ये बाजूचं दिसत नाही आणि शिट्टी ऐकू येत नाही. यार्डात हे दोन्ही लागतं.

दोनगाड्यावाला
सगळ्यांचे आभार. काल ट्रान्सपोर्टवाल्याशी बोललो. हेल्मेट आणि जॅकेट गेटवर मिळावं आणि जाताना परत करावं, असं तो मिलला सुचवणार आहे. बूट मी घेतो. सिग्नलमनसाठी पत्र दिलं, पोच मिळाली, माणूस अजून मिळाला नाही. तोवर ड्रायव्हरला सांगितलंय, मागे कोणी उभा नसेल तर गाडी मागे घ्यायची नाही, लायन अडली तर अडू दे. पहिल्याच दिवशी मागच्या सात गाड्यांनी हॉर्न वाजवले आणि लोडरवाला स्वतः उतरून आला.

वैनगंगाताई, तुमचा मुद्दा पण पत्रात टाकला आहे. संडास आणि पाणी. क्लीनर लोकांना बसायला शेड. यावर साहेब फक्त "बघू" म्हणाले.

आता फक्त क्लचचं राहिलं.

वैनगंगेकाठी
पत्रात टाकलं हे चांगलं केलं भाऊ. "बघू"ची तारीख विचारा.

फाळका
क्लचसाठी: लोखंडी टोपीचा जाड तळव्याचा बूट घेऊ नका. फायबरच्या टोपीचा, पातळ तळव्याचा मिळतो. आयएस १५२९८ चा छाप बघून घ्या, नुसतं "सेफ्टी" लिहिलेलं बरंच विकतात. आणि चप्पल घालून चालवायची, खाली उतरताना बूट घालायचा, असं करू देऊ नका. चप्पल पेडलखाली अडकते. ड्रायव्हरला दुकानात सोबत न्या आणि एक नंबर मोठा घ्या, उन्हाळ्यात पाय सुजतात.